काकूचं चुकलं की सेइताचं? 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'वरचे वाद समजून घेताना

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा जपानी ॲनिमेशनपट संपला की प्रेक्षक थोडा वेळ गप्प असतात आणि मग त्यांची जुंपते. पुण्यात तर हमखास. इथे एकाच हॉलमध्ये फार वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं शेजारी बसतात. कुणी रसास्वाद शिबिरं केलेलं, कुणी जपानी भाषेच्या परीक्षा देणारं, कुणी हा सिनेमा काढणाऱ्या स्टुडिओ घिब्लीच्या इतर गोड सिनेमांवर वाढलेलं, तर कुणी खडकी, वानवडी, लोहगाव भागातल्या फौजी घरातलं. एकाच्या मते यापेक्षा माणुसकीचा युद्धपट झालेला नाही. दुसऱ्याला यात जपानने स्वतःची पापं झाकलेली दिसतात. तिसऱ्याला तो मुलगाच हेकट वाटतो. त्याच्या मते लहान बहिणीच्या मरणाला तोच जबाबदार. आणि कुणीतरी सांगतं की दिग्दर्शक स्वतःच याला युद्धविरोधी म्हणत नव्हता, मग तुम्ही कशाला म्हणता?

चौघांचंही म्हणणं वरवर एकाच सिनेमाबद्दल असतं, पण प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. दोष कुणाचा, हा घरातला प्रश्न. काय दाखवलंच नाही, हा इतिहासाचा. सिनेमाला कोणत्या नावाने ओळखायचं आणि त्याने रडवलं ते प्रामाणिकपणे की हिशेबाने, हे आणखी दोन. प्रश्न सुटे केले की बराचसा गोंधळ निवळतो. मतभेद उरतात, पण ते कशावर आहेत हे तरी कळतं.

आधी कथा. सिनेमा १९८८चा, ८९ मिनिटांचा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. मूळ कथा अकियुकी नोसाकाची, १९६७ सालची. काळ १९४५चा उन्हाळा, गाव कोबे बंदर. सेइता १४ वर्षांचा, त्याची बहीण सेत्सुको ४ वर्षांची. वडील नौदलात अधिकारी. अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात आई भाजून मरते. मुलं लांबच्या नात्यातल्या काकूकडे राहायला जातात. तिथे खटके उडतात, तेव्हा सेइता बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका खंदकात बिऱ्हाड मांडतो. आधी ती जाते, मग तो. हे सांगितल्याने रसभंग होत नाही, कारण आपण कोणत्या रात्री मेलो ते सेइता पहिल्याच वाक्यात सांगतो: २१ सप्टेंबर १९४५.

घरातला वाद, आणि तो सोडवायला लागणारा रेशनचा हिशेब

सगळ्यात जास्त आवाज चढतात ते काकूवरून. ती मुलांना टोमणे मारते, त्यांच्या आईचे किमोनो विकायला लावते आणि त्या तांदळातला वाटाही हात आखडून देते. पहिल्यांदा पाहताना बहुतेकांना तिचा संताप येतो. पुढे स्वतःचं घर चालवायला लागल्यावर तोच सिनेमा पुन्हा पाहिला की अनेकांचा सूर बदलतो. हा पोरगा दिवसभर लोळत असतो, पाणी भरत नाही, आग विझवायच्या पथकात जात नाही. चार दिवस मान खाली घालून राहिला असता तर बहीण वाचली असती, असं ते म्हणतात.

दोन्ही मतांत तथ्य आहे. पण त्या वेळी जपानमध्ये अन्न कसं मिळत होतं हे माहीत नसेल, तर हा वाद 'स्वभाव' या शब्दापाशी अडकून पडतो. म्हणून हिशेब बघू.

१९४१पासून जपानच्या मोठ्या शहरांत तांदळाचं रेशन सुरू झालं. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३३० ग्रॅम. जुलै १९४५मध्ये ते साधारण ३०० ग्रॅमवर आलं. ३०० ग्रॅम म्हणजे आपल्याकडच्या दोन वाट्या कोरडे तांदूळ, जेमतेम १,०५० कॅलरी. पानात दुसरं विशेष काही नसताना यावर कामाचा माणूस उभा राहू शकत नाही. शिवाय ते सगळे तांदूळही नसत. त्यातलाच काही भाग सोयाबीन, रताळी, पीठ असा येई आणि तो त्याच वजनात धरला जाई. वय आणि काम पाहून प्रमाण ठरे, त्यामुळे चार वर्षांच्या मुलीच्या नावावर फारच थोडं मिळे.

हे रेशन थेट माणसाच्या हातात पडत नसे. १९४०मध्ये सरकारने शेजारमंडळं सक्तीची केली होती. दहाएक घरांचं एक मंडळ. धान्यवाटप त्यांच्यामार्फत, बादल्यांची साखळी करून आग विझवायची कवायत त्यांची, युद्धरोखे खपवायचे त्यांनीच, आणि कोण काय बोलतं यावर नजरही त्यांचीच. मंडळाच्या बाहेर पडलेला माणूस कागदावर उरत नसे, आणि कागदावर नाही म्हणजे पानातही नाही. बादल्यांच्या कवायतीचा उपयोग किती होता ते सिनेमाच्या सुरुवातीच्या हल्ल्यातच दिसतं. आगबॉम्बच्या एका मोठ्या गठ्ठ्यात ३८ षटकोनी नळकांडी असत. प्रत्येक नळकांडं हातभर लांब, आत चिकट पेटणारं इंधन. गठ्ठा हवेत उकलला की ती कौलांवर, अंगणात, गल्लीत विखरून पडत आणि आग चिकटून बसे. लाकडी घरांच्या दाट वस्तीपुढे बादलीभर पाणी म्हणजे काहीच नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. आईने बँकेत ७,००० येन ठेवलेत, असं सेइता बहिणीला सांगतो. रक्कम मोठी आहे. 'पैसे होते तर धान्य का नाही घेतलं?' हा प्रश्न चर्चेत दर वेळी येतो. उत्तर असं की १९४५च्या उन्हाळ्यात शेतकऱ्याला नोटा नको होत्या. त्याला कापड, घड्याळ, भांडी हवी होती. म्हणून काकू किमोनोंची गोष्ट काढते. ते व्यवहारी शहाणपण आहे, लुबाडणूक नव्हे. लुबाडणूक पुढे सुरू होते, वाढताना.

तो वाढण्याचा प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. जेवणाला पातळ, भाजी घातलेली पेज. काकू स्वतःच्या मुलीला आणि घरातल्या भाडेकरूला वाढताना पळी तळापर्यंत नेते, त्यामुळे त्यांच्या वाडग्यात शितं येतात. सेइता-सेत्सुकोच्या वाडग्यात वरचं पाणी. ती एक शब्दही उणा बोलत नाही. पळी किती खोल गेली एवढंच सिनेमा दाखवतो. पुढे ती बोलूनही दाखवते: मुलगी कारखान्यात राबते, भाडेकरू कामावर जातो, देशासाठी राबणाऱ्यांना भात मिळणार. 'पण ते तांदूळ आमच्या आईच्या किमोनोचे' असं सेत्सुको रडते तेव्हा काकू चुली वेगळ्या करायला सांगते.

माझं मत असं की काकू खलनायिका नाही. माणूस युद्धाच्या किती कामाचा, यावर त्याच्या पोटाचं माप ठरवणारी व्यवस्था वर बसलेली आहे आणि तिची शेवटची पळी काकूच्या हातात आहे. तिच्याजागी दुसरी बाई असती तर कदाचित बोलली गोड असती. पातेल्यात मात्र तेवढंच असतं. मुलं आली त्या दिवसांत हीच काकू खूश होती, कारण जळालेल्या घराच्या अंगणात पुरून ठेवलेला साठा सेइताने खणून आणला होता. साठा संपतो तसा तिचा आवाज बदलत जातो.

सेइताचं काय? तो ज्या कारखान्यात कामाला जात होता तो जळाला, शाळा जळाली. तो नौदल अधिकाऱ्याचा मुलगा. माफी मागायची, लाचार व्हायची त्याला सवय नाही. काकूचं घर सोडतो तेव्हा त्याला वाटतं आपण फक्त घर सोडलं. प्रत्यक्षात तो शेजारमंडळातून बाहेर पडलेला असतो. ज्या शेतकऱ्याकडे तो धान्य मागतो तोच त्याला हे समजावतो: आता सगळं रेशनवर आहे, मंडळाबाहेर राहून तुझं निभायचं नाही, परत जा आणि माफी माग. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात उपयोगी सल्ला असा बांधावर उभ्याउभ्या दिलेला आहे आणि बहुतेक प्रेक्षकांच्या तो लक्षातच राहत नाही. 'सेइता हेकट आहे' म्हणणाऱ्यांनी तो जरूर पुढे करावा. पण त्याबरोबर हेही विचारावं की चौदा वर्षांच्या मुलाच्या हट्टाची शिक्षा मरण असावी, हे कुणी ठरवलं?

हा वाद होणार हे ताकाहाताला ठाऊक होतं. सेइतात त्याला जुन्या काळचा सोशिक मुलगा दाखवायचा नव्हता. नकोशी नाती टाळून आपल्यापुरतं जग उभं करणारी ऐंशीच्या दशकातली मुलं त्याच्या डोळ्यांसमोर होती. तेव्हा प्रेक्षक सेइताच्या बाजूने होते. पण काळ उलटा फिरला तर काकूपेक्षाही कठोर शब्दांत सेइताला दोष देणारे लोक वाढतील, आणि त्याची आपल्याला भीती वाटते, अशा आशयाचं तो १९८८मध्येच बोलला होता. म्हणजे कोणत्या पिढीला कुणाचा राग येतो हीच त्या पिढीच्या मनाची नोंद. घरात राबणारा आणि न राबणारा यांत पंक्तिभेद करावा असं आपल्याला सहज वाटत असेल, तर आपण त्या काकूच्या ओट्यापाशी उभे आहोत.

जे पडद्यावर नाही त्याचं काय?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो 'सिनेमा आहे, सिनेमासारखा बघा' म्हणून झटकू नये. जपानने १९१०मध्ये कोरिया घशात घातला, १९३१मध्ये मांचुरिया घेतला, १९३७मध्ये चीनवर पूर्ण ताकदीने चाल केली. त्याच वर्षी डिसेंबरात नानजिंगमध्ये भयानक कत्तल झाली. आकाशातून शहरं जाळणंही जपानला नवं नव्हतं. चीनच्या चुंगकिंग शहरावर जपानी विमानांनी १९३८पासून पुढची काही वर्षं बॉम्ब टाकले. यातलं एक अक्षर सिनेमात नाही. सेऊल किंवा नानजिंगमधल्या प्रेक्षकाला 'आम्हीच बिचारे' असा सूर ऐकू आला, तर तो अतिसंवेदनशील आहे असं म्हणता येत नाही.

आपला संबंधही दुरून नाही. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. बंगालच्या १९४३च्या दुष्काळामागे इंग्रज सरकारची धोरणं, साठेबाजी, नावा जप्त करणं अशी अनेक कारणं होती. त्यांत हेही एक. १९४४मध्ये इंफाळ-कोहिमाला हिंदी सैनिक जपान्यांशी लढले, आणि त्याच आघाडीवर आझाद हिंद सेना जपान्यांच्या बाजूने होती. त्यामुळे मराठी प्रेक्षकाच्या मनात जपानची एकच प्रतिमा नसते. नेताजींचा मित्र, अंदमानचा कब्जेदार, हिरोशिमाचा बळी, मेहनती देश अशी सगळी चित्रं एकदम हलतात, आणि ज्याच्या घरात जे सांगितलं गेलं त्याप्रमाणे तो बोलतो.

आता दुसरी बाजू. सिनेमा मुलांच्या उंचीवरून बघतो. त्यांना चीन माहीत नाही. पण त्या उंचीवरूनही युद्ध कुणी सुरू केलं याची खूण दिसते, फक्त ती ओळखावी लागते. काजव्यांच्या उजेडात सेइताला वडिलांच्या नौदलाचा संचलन सोहळा आठवतो. दिव्यांनी झगमगलेली जहाजं, लष्करी गाणं, सलाम, आणि 'माया' या युद्धनौकेवर वडील. मुलगा अभिमानाने गातो. ही 'माया' खरी होती. २३ ऑक्टोबर १९४४ला फिलिपाइन्सजवळ अमेरिकी पाणबुडीने ती बुडवली. म्हणजे १९४५च्या उन्हाळ्यात हा मुलगा वडिलांच्या पत्राची वाट पाहतो आहे तेव्हा त्यांचं जहाज आठ-नऊ महिन्यांपूर्वीच तळाला गेलेलं आहे. सिनेमा हे सांगत नाही. जपानने शरणागती पत्करली आणि सगळं आरमार बुडालं, हे सेइताला बँकेत पैसे काढताना बाजूच्यांच्या बोलण्यातून कळतं, तेव्हा तो ओरडतो, एका म्हाताऱ्याला धरून जाब विचारतो. ज्या सलामात तो वाढला त्यानेच त्याचं घर नेलं, हे ज्याला ती नौका माहीत आहे त्याला उघड दिसतं.

आणखी एक जागा. उपासमार वाढते तसा सेइता हल्ल्याच्या वेळी, लोक खंदकात लपलेले असताना, रिकाम्या घरांत शिरून चोऱ्या करतो. वर विमानं आली की तो खूश होऊन हात उडवतो. नौदलाचं गाणं गाणारा मुलगा शत्रूच्या विमानांना दाद देतो, कारण त्यांच्यामुळे आज खायला मिळणार. देशभक्तीचा एवढा कडक निकाल मी दुसऱ्या कुठल्या युद्धपटात पाहिलेला नाही.

म्हणून या आक्षेपाचे दोन भाग करावेत. 'हा सिनेमा जपानला निर्दोष ठरवतो' हे पटत नाही. तो कुणालाच निर्दोष ठरवत नाही. पण 'एखादा देश स्वतःच्या दुःखाचेच सिनेमे करत राहिला तर पुढच्या पिढीला अर्धाच इतिहास मिळतो' हे खरं आहे. त्याचं उत्तर एका सिनेमाने द्यायचं नसतं. सोबत काय दाखवलं आणि वाचलं जातं त्याने द्यायचं असतं. आपल्याकडे त्यासाठी उत्तम जोडी आहे: सत्यजित राय यांचा 'अशनी संकेत', १९७३चा, बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालेला. तिथेही विमानं आकाशात आहेत, खेड्यातल्या बायका मान वर करून बघतात, आणि हळूहळू बाजारातून तांदूळ नाहीसा होतो. दोन देश एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना, आणि पातेलं दोन्हीकडे रिकामं. पंधरा दिवसांच्या अंतराने हे दोन्ही दाखवले तर 'बळी कोण' या वादाला नवी जमीन मिळते.

'युद्धविरोधी' म्हणायचं का?

ताकाहाताने हे नाव पुन्हा पुन्हा नाकारलं. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे त्याला युद्धाचं काही वाटत नव्हतं. अगदी उलट. युद्धाचा त्याग सांगणारं जपानी राज्यघटनेचं ९वं कलम टिकावं म्हणून सिनेमावाल्यांनी जी चळवळ केली, तिच्यात तो उघडपणे होता. त्याचा मुद्दा असा: लोक बॉम्बखाली किती सोसतात हे दाखवून पुढचं युद्ध थांबत नाही. उद्या युद्ध करू पाहणारा पुढारीही तेच दाखवेल आणि म्हणेल, पुन्हा असं होऊ नये म्हणूनच शस्त्र उचलायचं आहे. युद्ध थांबवायचं तर ते कसं सुरू होतं ते दाखवायला हवं. मला हा युक्तिवाद भक्कम वाटतो. करुणा आणि युद्धविरोध या दोन गोष्टी आपण फार सहज एक धरतो.

तरीही प्रेक्षकाने याला युद्धविरोधी म्हणू नये असं नाही. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोचा आक्षेप असा होता की पडद्यावरची लढाई थरारक दिसतेच, त्यामुळे खरा युद्धविरोधी सिनेमा होणं जवळपास अशक्य. या सिनेमात लढाईच नाही. शत्रूचा चेहरा नाही, विजय नाही, शौर्याचं एकही दृश्य नाही. नोसाकाच्या कथेत सेत्सुको जाते २२ ऑगस्टला, म्हणजे शरणागतीच्या घोषणेनंतर आठवड्याने. युद्ध संपल्याचं जाहीर झालं म्हणून पोटात अन्न जात नाही, एवढं जरी प्रेक्षकाने घरी नेलं तरी थोडं नाही.

आणि माणुसकी दाखवणाऱ्या युद्धपटावर प्रेक्षक फाटणं हे काही आजचं नाही. १९३०च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' लागला तेव्हा नाझींनी चित्रपटगृहात पांढरे उंदीर आणि घाण वासाचे बॉम्ब सोडले. काही दिवसांत सरकारने खेळच बंद केले. आक्षेप होता की यात जर्मन सैनिक घाबरलेला दिसतो.

पुण्यात हा प्रश्न जास्त नाजूक होतो, कारण इथे दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आणि खडकीत अपंग सैनिकांसाठी चालणारी, १९१७मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज संस्था आहे. फौजी घरातला प्रेक्षक 'युद्धविरोधी' हा शब्द ऐकला की आधीच सावध होतो. आपल्या माणसाच्या त्यागावर कुणी बोट ठेवणार असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात हा सिनेमा त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला कळणार नाही. माणूस आघाडीवर असताना मागे त्याच्या मुलांना कोण सांभाळतं, पत्र आलं नाही तर घरात काय बोलायचं, नातेवाईक किती दिवस आपले राहतात, हे त्या घरांनी जवळून पाहिलेलं असतं. कपाळावर चिठ्ठी लावून सिनेमा दाखवला तर असा प्रेक्षक गमावतो.

दिग्दर्शकाबद्दल पुणेकरांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. ताकाहाता लहानाचा मोठा झाला ओकायामात. २९ जून १९४५च्या पहाटे त्या शहरावर आगबॉम्ब पडले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. झोपायच्या कपड्यांत, अनवाणी, बहिणीसोबत तो जळत्या गल्ल्यांतून पळाला. त्या रात्री ओकायामाचा किल्ला जळाला. किल्ल्याच्या समोरच नदीपलीकडे कोराकुएन ही बाग आहे, आणि सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे.

रडवलं, पण कसं?

'भावनेला हात घालून पैसे काढले' हा आरोप मला चारांतला सगळ्यात कच्चा वाटतो. रडवायचं असतं तर मरण लांबवलं असतं, संगीत चढवलं असतं. इथे सेइता कलिंगडाची फोड बहिणीच्या तोंडाला लावतो, खिमट करायला उठतो, आणि ती पुन्हा उठली नाही एवढं एक वाक्य येतं. माणसांच्या आकृत्यांच्या कडा नेहमीच्या काळ्या शाईऐवजी तपकिरी रंगात काढलेल्या आहेत, त्यामुळे चेहरे पार्श्वभूमीतून उठून येत नाहीत, तिच्यात मुरतात. मेलेली भावंडं लाल उजेडात उभी राहून स्वतःचंच आयुष्य पाहताना मधून मधून दिसतात. त्या लाल चौकटी आल्या की प्रेक्षक कथेतून किंचित बाहेर ढकलला जातो आणि त्यालाही पाहणाऱ्याच्या जागी उभं राहावं लागतं. रडू येतं ते या अंतरासकट.

नोसाकाची दत्तक घरातली धाकटी बहीण अशीच उपासमारीने गेली होती. आपण सेइताइतके चांगले भाऊ नव्हतो, तिच्या वाट्याचं आपण खाल्लं, हे त्याने लपवलं नाही. सेइताचा चांगुलपणा म्हणजे एका अपराधी भावाने कागदावर केलेली दुरुस्ती आहे.

खेळ आणि चर्चा ठेवायची असेल तर

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजात दाखवायचा असेल तर आधी हक्कधारकाची परवानगी घ्यावी. घरच्या ओटीटी वर्गणीवर जाहीर खेळ लावता येत नाही. जपानी आवाज ठेवावा, खाली इंग्रजी अक्षरं, आणि ज्येष्ठांसाठी अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा हातात द्यावा. बारा वर्षांखालच्या मुलांना आणायचं तर पालकांपैकी एकाने सिनेमा आधी पाहिलेला असावा. 'कार्टून आहे' म्हणून लहानग्यांना घेऊन येणारे दर वेळी असतात. जपानमध्येही १९८८च्या एप्रिलात हा 'माय नेबर तोतोरो' या घिब्लीच्याच गोड बालपटाच्या जोडीने एका तिकिटात लागला होता.

सुरुवातीला पाच मिनिटं बोलावं आणि फक्त रेशन व शेजारमंडळाबद्दल. 'युद्धविरोधी', 'अजरामर', 'रुमाल काढून ठेवा' असं काही म्हणू नये; त्याने लोक आधीच बाजू घेऊन बसतात. संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत, नावं पूर्ण सरकू द्यावीत, मग दहा मिनिटं चहा. तीसपेक्षा जास्त लोक असतील तर आठ-दहांचे गट करावेत. पाऊण तास पुरतो.

चर्चा बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांत बिघडते. 'कसा वाटला?' असं विचारलं की एक जण नानजिंगवर उभा राहतो. त्याचं म्हणणं बरोबर असतं, वेळ चुकलेली असते. ज्यांचे डोळे अजून ओले आहेत त्यांना वाटतं आपल्या रडण्यावर आरोप होतोय, आणि दोन तट पडतात. दुसरी हमखास चूक म्हणजे दिग्दर्शकाची मुलाखत आधीच वाचून दाखवणं. मग कुणी स्वतःचं बोलतच नाही. म्हणून क्रम घरापासून बाहेर न्यावा: आधी पळी आणि किमोनो, मग शेतकरी, मारकुटा बागाईतदार, सेइताला समजून घेणारा पोलीस, 'हिला सकस अन्न द्या' एवढंच सांगणारा डॉक्टर, त्यानंतर 'माया' आणि चीन, दिग्दर्शकाचं मत अगदी शेवटी.

ज्यांना दुसऱ्यांदा पाहायचा आहे त्यांनी एका कागदावर चार रकाने आखावेत: काय खायला मिळालं, कुठून आलं, कुणी दिलं, बदल्यात काय गेलं. पुरलेला साठा, किमोनोचे तांदूळ, चघळायच्या गोड गोळ्यांचा डबा, चोरलेल्या भाज्या, बँकेतून शेवटी काढलेल्या ३,००० येनमधून आणलेलं कलिंगड, असं भरत जावं. खालच्या ओळींत 'कुणी दिलं' हा रकाना रिकामा राहायला लागतो. वाद करायचा तर तो कागद समोर ठेवून करावा, आणि प्रत्येकाने पहिल्या वेळेला आपण कुणाच्या बाजूने होतो आणि कोणत्या प्रसंगाला ती बाजू हलली, ते त्याच्या मागे लिहून ठेवावं. पंधरा दिवसांनी 'अशनी संकेत' पाहताना तोच कागद सोबत आणावा. रकाने तेच चालतात.